हाडांची अमानत

मराठी भाषेची हाडांशी फार जुनी ओळख आहे. आपल्या कामाशी एकरूप झालेल्या माणसाला आपण 'हाडाचा शिक्षक' किंवा 'हाडाचा शेतकरी' म्हणतो. घरासाठी राबणारी आई 'हाडांची काडे' करते. पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडण 'हाडवैर' होते. तत्त्वासाठी उभा न राहणारा माणूस 'कणा नसलेला' ठरतो आणि नशीब तर कपाळावरच लिहिलेले असते. माणसाचे आतले, खरे, न बदलणारे असे जे काही असेल ते हाडात असते, असे आपली भाषा मानते.

पण हाडे प्रत्यक्ष बघायची आपली तयारी नसते. ती मातीत जावीत किंवा त्यांची राख व्हावी, डोळ्यांसमोर येऊ नयेत, असेच सगळ्यांना वाटते. आपल्याकडे मय्यतीला गुस्ल देताना हात किती हळुवार फिरतात हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. पाणी फार गरम नाही ना हे बघतात, मान अलगद उचलतात. जणू त्या देहाला अजून दुखते आहे. यामागे एक शिकवण आहे. मेलेल्या माणसाचे हाड मोडणे हे जिवंत माणसाचे हाड मोडण्यासारखेच आहे, अशा अर्थाची हदीस आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

असे असूनही माणसाच्या प्रत्येक हाडाची माहिती आज पुस्तकात छापलेली आहे. ही माहिती कुणाच्या हाडांवरून मिळाली? ज्यांची ती हाडे होती त्यांना कुणी विचारले होते का? आणि त्या माहितीचा फायदा घेणारे आपण त्यांचे काही देणे लागतो का? हे प्रश्न वैद्यकाचे वाटतात, पण मुळात ते नीतीचे आहेत.

आधी हाडांकडेच बघू. प्रौढ माणसाच्या कवटीत २२ हाडे असतात. मेंदूभोवती ८ आणि चेहऱ्याची १४. कानातली ६ चिमुकली हाडे वेगळी मोजतात. या २२ हाडांपैकी खालचा जबडा तेवढा हलतो. बाकीची हाडे दातेरी शिवणींनी एकमेकांत घट्ट बसलेली असतात. नवजात बाळाच्या कवटीची हाडे मात्र सुटी असतात. जन्माच्या वेळी ती थोडी एकमेकांवर सरकतात, म्हणून तेवढे मोठे डोके अरुंद वाटेतून बाहेर येऊ शकते. नंतर दीडदोन वर्षे पुढची टाळू मऊ राहते. आजी ज्या टाळूवर तेल जिरवते तिच्याखाली हाड नसते, नुसता पडदा असतो आणि त्याखाली वाढणारा मेंदू असतो. म्हणजे वाढीला जागा मिळावी म्हणून निसर्गाने माणसाचे सर्वांत नाजूक इंद्रिय काही महिने अर्धवट उघडे ठेवलेले आहे.

कवटीच्या तळाशी एक मोठे भोक असते. तिथून मेंदूची दोरी खाली उतरते आणि मणक्यांच्या पोकळीतून जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. लहानपणी ३३ मणके असतात. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, त्याखालचे ५ आणि शेवटचे बहुधा ४. पुढे त्या खालच्या ५ मणक्यांचे मिळून त्रिकास्थी होते आणि शेवटच्यांचे माकडहाड, म्हणून मोठ्या माणसाच्या कण्यात २६ हाडे भरतात. याच माकडहाडाविषयी आपल्याकडे हदीस आहे की माणसाचे सारे शरीर मातीत विरते, पण हे हाड उरते आणि कयामतच्या दिवशी त्यावरूनच माणूस पुन्हा उभा केला जातो.

मानेचा पहिला मणका डोके तोलतो. होकारासाठी मान हलते ती कवटी आणि हा मणका यांच्या सांध्यात. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटी असते. नकारासाठी डोके फिरते ते या खुंटीभोवती. नमाज संपवताना आपण उजवीकडे आणि डावीकडे सलाम फिरवतो तेव्हा मुख्यत्वे हाच सांधा काम करतो. रुकूत पाठ सपाट ठेवायची असते. तेव्हा वाकतात ते खुबे, कणा सरळ राहतो. सजद्यात कवटीच्या पुढच्या हाडाचे, म्हणजे कपाळाचे ओझे जमिनीवर टेकते. दिवसातून पाच वेळा आपण हे करतो, पण आत काय चालले आहे ते आपल्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असायची गरजही नसते.

काहींना मात्र ते ठाऊक असावेच लागते. मज्जारज्जू पूर्ण पाठीत नसतो. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. म्हणून पाठीतून भूल द्यायची असते तेव्हा सुई त्याच्या खाली, कमरेच्या खालच्या मणक्यांच्या फटीत घालतात. घरातल्या सुनेचे सिझेरियन असते तेव्हा भूलतज्ज्ञ तिच्या कमरेच्या हाडांवर हात ठेवून बोटाने मणके मोजतो आणि फट शोधतो. त्या बोटाला ती फट सापडते, कारण ते बोट कधीतरी दुसऱ्या कुणाच्या सुट्या मणक्यांवरून फिरलेले असते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलामुलींकडे पिशवीत किंवा पेटीत हाडांचा संच असतो. आता प्लास्टिकचे सांगाडे मिळतात. तरी खऱ्या हाडाचे वजन, खरबरीतपणा, माणसामाणसातला फरक प्लास्टिकात उतरत नाही असे शिकवणारे सांगतात. आपल्या घरातल्या बाळंतिणीची सुरक्षितता अशी एखाद्या अनोळखी माणसाच्या हाडांवर उभी असते.

हा अनोळखी माणूस कोण होता, हे शोधायला इतिहासात मागे जावे लागते.

दुसऱ्या शतकातला गॅलेन हा ग्रीक वैद्य पुढच्या हजार वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानला गेला. त्याने बहुतेक चिरफाड माकडांची आणि इतर जनावरांची केली. माणसाची हाडे बघायची तर अलेक्झांड्रियाला जा, असे तो शिष्यांना सांगत असे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मृतदेह पिंजऱ्यात ठेवून सात रात्री वाहत्या पाण्यात भिजवायचा आणि मग एकेक थर हळूहळू घासून काढत बघायचा, अशी पद्धत सांगितलेली आहे. तेराव्या शतकात फुफ्फुसातून होणारे रक्ताभिसरण सांगणारा इब्न अल्‌-नफीस लिहितो की शरीयत आणि मनातली करुणा या दोन्हींमुळे आपण चिरफाडीपासून दूर राहिलो. करुणा ज्ञानाच्या आड येऊ शकते आणि तरी ती करुणाच असते, हे इतक्या मोठ्या वैद्याने लपवले नाही.

त्याच्या थोडे आधी बगदादचा अब्दुल लतीफ (११६२ ते १२३१) इजिप्तमध्ये होता. १२०० साली नाईलला पुरेसा पूर आला नाही आणि भीषण दुष्काळ पडला. माणसे रस्त्यावर मेली, गावे ओस पडली, माणसाने माणूस खाल्ल्याच्या घटना त्याने नोंदवल्या आहेत. पुरायलाही कुणी उरले नव्हते. कैरोजवळच्या मक्स या ठिकाणी हाडांचा ढीगच साचला आहे असे कळल्यावर तो तिथे गेला. गॅलेनने लिहिले होते की माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो. अब्दुल लतीफ आणि त्याच्या सोबत्यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या बघितल्या. प्रत्येकीचा जबडा एकाच हाडाचा निघाला, मध्ये सांधा नव्हता. गॅलेनचा मोठेपणा मान्य करूनही, डोळ्यांनी जे दिसते ते त्याच्या शब्दापेक्षा खरे, असे त्याने निर्भयपणे लिहिले. अर्भकाच्या जबड्याचे दोन भाग असतात आणि पहिल्या वर्षभरात ते जुळतात, हे आज आपण जाणतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत अब्दुल लतीफ बरोबर होता.

आपल्या सभा-संमेलनांत ही गोष्ट अभिमानाने सांगता येईल. व्हेसालिअसच्या १५४३ सालच्या ग्रंथाच्या साडेतीनशे वर्षे आधी एका मुस्लिम विद्वानाने गॅलेनची चूक दाखवली! अभिमान बाळगायला हरकत नाही. पण त्या दोन हजार कवट्या कुणाच्या होत्या, हेही विचारले पाहिजे. त्या उपाशी मेलेल्या, बहुधा गरिबांच्या होत्या. त्यांची मुले, भाऊ, शेजारी जिवंत असते तर त्या मातीखाली गेल्या असत्या. अब्दुल लतीफने कुणाला मारले नाही, कुणाची कबर उकरून त्या कवट्या आणल्या नाहीत. त्याने फक्त पाहिले. तरीही त्याला जे कळले ते दुष्काळाने त्याच्यापुढे टाकले होते.

युरोपात तीच भूमिका फाशीच्या खांबाने बजावली. व्हेसालिअसने विद्यार्थी असताना लूव्हँ शहराबाहेर फाशीच्या खांबावरचा सांगाडा चोरून आणला होता. १५४३ साली त्याने बाझल शहरात एका देहदंड झालेल्या गुन्हेगाराचा सांगाडा जोडला. तो आजही तिथल्या संग्रहालयात आहे. १८२८ साली एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी १६ खून करून प्रेते शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विकली. त्यानंतर १८३२ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला. त्याने प्रेतचोरी थांबली, पण कशी? अनाथालयात आणि धर्मार्थ रुग्णालयात मेलेल्या, कुणी न नेलेल्या गरिबांचे देह महाविद्यालयांना मिळू लागले. पूर्वी शरीरविच्छेदन ही खुन्याची शिक्षा होती, ती आता गरिबीची शिक्षा झाली, असे तेव्हाच्या गरिबांना वाटले तर त्यात नवल नव्हते.

भारतात कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली पहिले शवविच्छेदन केले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ साली शरीरशास्त्राचा कायदा झाला. आजही बेवारस आणि दान केलेले देह अशाच कायद्याने महाविद्यालयांकडे जातात. दुसरीकडे कलकत्ता हे सांगाड्यांच्या निर्यातीचे मोठे केंद्र बनले होते. पश्चिमेकडील कितीतरी डॉक्टर भारतीय हाडांवर शिकले. १९८५ साली सरकारने ही निर्यात बंद केली. त्या काळी वृत्तपत्रांत आलेल्या आकड्यानुसार आदल्या एका वर्षात सुमारे ६०,००० कवट्या आणि सांगाडे देशाबाहेर गेले होते. त्यांत हिंदू किती, मुसलमान किती, हे कुणालाही सांगता येणार नाही. हाडावर जात-धर्म लिहिलेला नसतो. ते गरिबांचे होते एवढे मात्र नक्की सांगता येईल.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. हाड बघणे आणि हाडाचा अपमान करणे या दोन गोष्टी एक नाहीत. तो फरक एका कवटीवरून स्पष्ट होतो.

१९६३ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात 'लॉर्ड क्लाइड' नावाच्या दारूच्या गुत्त्यात अडगळीच्या खोलीत एक कवटी सापडली. तिच्या डोळ्याच्या खोबणीत एक कागद खोचलेला होता. त्यावर लिहिले होते की ही कवटी बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीच्या ४६ व्या पलटणीतील हवालदार आलम बेग याची आहे, १८५७ च्या बंडातला तो एक म्होरक्या होता आणि त्याला तोफेच्या तोंडी दिले गेले. १८५८ साली सियालकोटला ही शिक्षा झाली होती. एका अधिकाऱ्याने ती कवटी आठवण म्हणून मायदेशी आणली. इतिहासकार किम वॅग्नर यांनी या कवटीवर २०१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. कागदावर ज्या खुनांचा आरोप आलम बेगवर होता ते त्याने केलेच नव्हते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या कवटीला खालचा जबडा नाही. बोलताना हलते ते एकमेव हाड तिच्यापाशी नव्हते, आणि दीडशे वर्षे तिच्या वतीने बोलला तो मारणाऱ्यांनी लिहिलेला कागद.

मक्सच्या ढिगाऱ्यातली कवटी आणि आलम बेगची कवटी. दोघांनाही विचारले गेले नव्हते, दोघांचेही दफन झाले नव्हते. पहिलीकडे बघणाऱ्याने तिच्यातून सगळ्या माणसांविषयी काही शिकून घेतले. दुसरीकडे बघणाऱ्याला शिकायचे काही नव्हते, जिंकल्याची खूण हवी होती. फ्रान्सनेही अल्जेरियातून नेलेल्या अशा कवट्या पॅरिसच्या संग्रहालयात दीडशेहून अधिक वर्षे ठेवल्या होत्या. त्यांतल्या २४ जुलै २०२० मध्ये परत आल्या आणि अल्जिअर्सला त्यांचे दफन झाले. तेव्हा रस्त्यावर लोकांनी गर्दी केली होती ती हाडांसाठी नाही, तर हाडांना पुन्हा माणूस म्हणून वागवले गेले यासाठी.

म्हणून मला वाटते, मृतदेहाची प्रतिष्ठा त्याला हात लागला की नाही यावर अवलंबून नसते. ती तीन गोष्टींवर अवलंबून असते. त्या माणसाची इच्छा विचारली गेली का? हात लावण्यामागचा हेतू माणसाच्या भल्याचा होता का? आणि काम झाल्यावर त्या हाडांना त्यांची माती मिळाली का?

आता आपल्याकडे वळू. देहदानाचा विषय निघाला की मुस्लिम घरात एक उत्तर ठरलेले असते. देह ही अल्लाहची अमानत आहे, आपल्या मालकीची नाही, मग ती दान कशी करणार? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जिथे शरीराचाही बाजार होतो तिथे 'माझे शरीर माझी मालमत्ता नाही' असे म्हणणारा माणूस त्या बाजाराला नकारच देत असतो. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना हे पटले असते तर बरे झाले असते. पण अमानतीचा अर्थ वस्तू कुलपात ठेवणे एवढाच होत नाही. ती ज्यासाठी दिली आहे त्याच्याशी प्रामाणिक राहणे हाही तिचा अर्थ आहे. १९८७ साली मक्केतील मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह परिषदेने शिक्षणासाठी शवविच्छेदनाला अटींवर परवानगी दिली. मृताने हयातीत संमती दिलेली असावी किंवा वारसांनी द्यावी, गरजेपुरतेच विच्छेदन व्हावे, स्त्रीच्या देहाचे विच्छेदन स्त्री डॉक्टरांनी करावे आणि सर्व अवशेषांचे दफन व्हावे. भारतातील अनेक उलेमांना हे मान्य नाही, हेही खरे आहे. मतभेद आहेत म्हणूनच विचार करायला जागा आहे.

मला खटकते ते वेगळेच. 'आम्ही आमची मय्यत देणार नाही' असे म्हणणारे घर दवाखान्यात जाणे थांबवत नाही, थांबवूही नये. म्हणजे कुणाच्या तरी हाडांवर शिकलेला डॉक्टर आपल्याला हवा असतो, फक्त ती हाडे आपल्या घरातली नकोत. मग ती कुणाची असावीत? ज्याला न्यायला कुणी आले नाही त्याची. फुटपाथवर मेलेल्याची, गाडीखाली आलेल्या मजुराची, सरकारी दवाखान्यात नाव न सांगता गेलेल्या बाईची. त्यांत आपले लोक नसतील असे समजण्याचे कारण नाही. बिहार-बंगालहून मुंबईत जरीकामाला आलेला पोरगा एकटा मेला तर त्याच्या गावाला कळेपर्यंत तोही बेवारसच असतो. आपण ज्याला पावित्र्य म्हणतो ते अशा वेळी नातेवाईक असलेल्यांच्या हाडांपुरते उरते. यहुदी माणसाचा जनाजा जाताना पैगंबर उभे राहिले आणि कुणी आठवण करून दिल्यावर त्यांनी विचारले की तो जीव नव्हता का, ही गोष्ट आपण मुलांना शिकवतो. मग बेवारस जीवाच्या वेळी आपण बसून का राहतो?

यातून मला दोनच प्रामाणिक वाटा दिसतात. एक, ज्याला पटेल त्याने हयातीत, शुद्धीवर असताना, घरच्यांशी बोलून देहदानाचा निर्णय लिहून ठेवावा आणि अभ्यास झाल्यावर अवशेषांचे दफन व्हावे ही अट महाविद्यालयापुढे स्पष्टपणे मांडावी. ही मागणी वावगी नाही. थायलंडमध्ये विद्यार्थी दान केलेल्या देहाला 'थोर शिक्षक' म्हणतात आणि वर्ष संपल्यावर त्याचे अंत्यसंस्कार स्वतः उपस्थित राहून करतात. असा मान मिळणार असेल तर आपल्याकडेही अनेकांचा नकार सैल होईल. आणि अशा माणसाच्या निर्णयाबद्दल त्याच्या ईमानाचा हिशेब बाकीच्यांनी मांडू नये. १९७७ साली हमीद दलवाईंचे त्यांच्या इच्छेनुसार दफनाऐवजी दहन झाले, तेव्हा त्यांच्या विचारांपेक्षा त्यांच्या देहाचीच चर्चा जास्त झाली. माणूस आयुष्यभर काय सांगत होता ते सोडून तो कोणत्या मार्गाने मातीत मिळाला यावर वाद घालणे ही आपली जुनी सवय आहे.

दुसरी वाट, ज्याला देहदान पटत नाही त्याने निदान बेवारसांचा वारस व्हावे. अयोध्येचे मोहम्मद शरीफ सायकली दुरुस्त करून पोट भरत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा तरुण मुलगा परगावी मेला आणि त्याचा देह बेवारस म्हणून हलवला गेला. त्यानंतर त्यांनी आयुष्य बेवारस मृतदेहांच्या अंत्यविधीला वाहिले. मुसलमानाचे दफन, हिंदूचे दहन, ज्याचे जसे असेल तसे. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी कोणताही सिद्धान्त मांडला नाही, पण देहाच्या प्रतिष्ठेचा जो अर्थ त्यांनी लावला तो ऐकून मान डोलावणे सोपे आहे, पाळणे अवघड आहे.

प्रत्येक मोहल्ल्यात जमात आहे, कबरस्तानाची कमिटी आहे. जवळच्या सरकारी दवाखान्याच्या शवागारात किती जण बेवारस पडून आहेत याची महिन्यातून एकदा तरी चौकशी करायला कुणाचाही फतवा लागत नाही. आणि ज्या घरातली मुलगी यंदा वैद्यकीय महाविद्यालयात गेली आहे त्या घराने तिला एवढे सांगावे की, बेटी, पेटीतली कवटी हातात घेताना आधी मनातल्या मनात तिला सलाम कर. ती कुणाची आहे हे तुला कळणार नाही, पण कुणाचीतरी आहे हे विसरू नकोस. उद्या तुझे बोट कुणाच्या तरी आईच्या पाठीत बरोबर फट शोधेल, तेव्हा ते या माणसाने शिकवलेले असेल.